पप्पांनी टॅबवरून फोटो डिलीट केले, आईच्या फोनमधूनही गेले! परत येतील का?

मनीषनगरवाली

नमस्कार, थोडं लांब लिहून राहिली आहे पण पूर्ण वाचा प्लीज, माझं डोकं चालणं बंद झालंय.

घरात असं आहे की आईचा अँड्रॉइड फोन, पप्पांचा टॅब आणि एक जुना लॅपटॉप, तिन्हीत आईचंच जीमेल आहे. मीच टाकलं होतं चार वर्षांपूर्वी, तेव्हा सोपं वाटलं. गूगल फोटोजचा बॅकअप चालू होता. मग जानेवारीपासून टॅबवर रोज स्टोरेज भरलं, स्टोरेज भरलं असं येऊ लागलं आणि आईला बँकेचे मेल येणंही बंद झालं. तर पप्पांनी २ मे च्या दुपारी कूलरसमोर बसून गूगल फोटोज उघडलं आणि २०१७ पासूनचं जवळजवळ सगळं सिलेक्ट करून उडवलं. त्यांचं म्हणणं, हे तर टॅबमधले आहेत, फोनमधले फोनमध्ये राहतीलच ना. नंतर आईच्या फोननं विचारलं म्हणे की हे फोटो इथूनही काढायचे का, आणि आईला काहीही विचारलं की ती अलाऊ दाबते. तिला वाटतं नाही दाबलं तर फोन बंद पडेल.

मला कळलं काल. माझ्या पोराचा पहिला तान्हा पोळा होता त्यात, लाकडी बैल धरून उभा आहे, नाकाला शेंबूड, टोपी डोळ्यावर आलेली. आजी होती तेव्हाचं रामटेकचं सगळं होतं. आज ११ जून, म्हणजे चाळीस दिवस झाले.

फोटो परत येतील का हा पहिला प्रश्न. दुसरा, पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं. आणि नवऱ्याकडे आयफोन आहे, त्याचे फोटो आयक्लाउडमध्ये, ते आमच्याबरोबर एका जागी कसे आणायचे? पप्पा दोन दिवसांपासून नीट जेवले नाहीत, त्यामुळे त्यांना कोणी नावं ठेवू नका, ते मी ठेवून झाली आहे.

बर्डीवाला भाऊ

ताई, आधी टॅब पप्पांच्या हातातून घ्या. मंग आईच्या फोनात गूगल फोटोज उघडा, त्यात ट्रॅश नाहीतर बिन असं काहीतरी दिसन, तिथं जा. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तं ६० दिवस तिथं पडून राहते. तुमचे ४० झाले म्हणजे अजून २० आहेत, घाबरू नका. सगळे सिलेक्ट करा आन रिस्टोर दाबा. पण पाहून दाबजा, बाजूलेच कायमचं डिलीट करायचं बटन राहते आन ते दाबलं तं मंग देवबी काही करत नाई.

एका वेळी पाचशे-सहाशेच करा, जुना टॅब असन तं अटकून जाते. लॅपटॉपवर ब्राउझरमधून केलं तं आणखी बरं. पैले हे करा, बाकी सगळं नंतर वाचजा.

मनीषनगरवाली

आहेत!! सगळे आहेत ट्रॅशमध्ये. रिस्टोर करून राहिली आहे. पप्पांना सांगितलं तर म्हणे मी म्हणलोच होतो.

हिंगणा रोड

छान झालं. आता कशामुळे झालं ते सांगतो, नाहीतर दिवाळीला पुन्हा हाच धागा निघेल.

तुमच्या घरी बॅकअप नव्हताच, सिंक होतं. आईचा फोन, टॅब आणि लॅपटॉप हे एकाच खोलीला तीन दारं असल्यासारखं आहे, कोणत्याही दारातून आत जाऊन सामान बाहेर फेकलं की खोलीतून गेलं. बॅकअप म्हणजे दुसऱ्या घरी ठेवलेली दुसरी कॉपी, जिला पहिल्याच्या डिलीटशी काही देणंघेणं नसतं.

दुसरा घोळ स्टोरेज या शब्दाचा. एक असतं टॅबचं स्वतःचं स्टोरेज आणि एक असतं अकाउंटचं. तुमचं भरलं होतं अकाउंटचं. ते फुकट १५ जीबी मिळतं आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटोज सगळे वाटेकरी. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा आता त्यातच मोजतात, आणि बहुतेक घरांत खरा खादाड तोच निघतो, गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आणि भजनं. व्हॉट्सअॅपच्या बॅकअप सेटिंगमध्ये व्हिडिओ बंद करून बघा, बरीच जागा मोकळी होईल. मेल येणं बंद झालं ते पण याच्यामुळेच, १५ च्या वर गेलं की जीमेल मेल घेत नाही.

आणि पप्पांना हे नका सांगू, पण १ जून २०२१ च्या आधी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो त्या १५ मध्ये मोजलेच जात नव्हते. तोपर्यंत ते फुकट होतं. म्हणजे २०१७-१८ चे फोटो त्या सेटिंगमध्ये चढलेले असतील तर ते उडवून एक एमबीसुद्धा मोकळी झाली नसती.

टॅबचीच जागा मोकळी करायची असेल तर अॅपमध्ये फ्री अप स्पेस म्हणून वेगळा पर्याय आहे. तो फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची त्या डिव्हाइसमधली कॉपी काढतो, क्लाउडमधलं, म्हणजे गूगलकडचं, तसंच राहतं. डिलीटचा डबा आणि हा, दोन्ही सारखेच वाटतात लोकांना, तिथेच सगळे फसतात.

आता करायचं काय, तर पप्पांना त्यांचं स्वतःचं जीमेल काढून द्या आणि टॅबमधून आईचं अकाउंट काढा. आईच्या फोटोजमधून पार्टनर शेअरिंगनं पप्पांना फोटो दिसू द्या, ते बघतील, डाउनलोड करतील, पण आईचं काही डिलीट करू शकणार नाहीत. पैसे भरायचे असतील तर १०० जीबीचा प्लॅन मी घेतलाय, महिन्याला १३० रुपये, आणि ती जागा घरातल्या आणखी पाच जणांत वाटता येते, फोटो मात्र ज्याचे त्यालाच दिसतात. निदान एक महिना घ्याच, म्हणजे रिस्टोर करताना जागेची कटकट नको आणि मेलही सुरू होतील.

तर्री जास्त

दर महिन्याला १३० कायले भरायचे? वर्षाचे दीड हजार झाले. एक टीबीची हार्ड डिस्क घ्या, कॉपी मारा, कपाटात ठेवा, विषय संपला. आपले फोटो आपल्या घरात.

धरमपेठ तळमजला

आपले फोटो आपल्या घरात हे मी पण म्हणायचो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपर्यंत.

आपला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली आणि आमच्या हॉलमध्ये गुडघाभर पाणी. आम्ही आधी आईला वरच्या मजल्यावर नेलं, मग गॅसचं सिलेंडर, मग कागदपत्रांची बॅग. हार्ड डिस्क टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती, ती संध्याकाळी आठवली. ड्रॉवर ओढलं तर आत गाळ, आणि गाळात ती डिस्क साबणाच्या वडीसारखी. बारा वर्षांचे फोटो. त्यात मी अक्कल अशी लावली की पुसली, दोन दिवस पंख्याखाली ठेवली आणि लॅपटॉपला लावून बघितली. कर्र असा आवाज आला आणि बंद. नंतर रिकव्हरीवाल्यानं सांगितलं की ओली झालेली डिस्क चालू करायचीच नसते, वीज दिली की आतल्या तबकड्या घासल्या जातात. त्यानं जे पैसे सांगितले त्यात वीस वर्षं १३० रुपये भरता आले असते. अर्धेच फोटो निघाले.

शेजारच्या काकूंनी लग्नाचा अल्बम गच्चीवर उन्हात वाळत घातला होता, त्याची पानं चिकटून अक्षरशः वीट झाली. ओले फोटो वाळायच्या आधी साध्या पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करायचे असतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

हार्ड डिस्क वाईट आहे असं नाही म्हणत मी, माझ्याकडे आजही आहे. पण एक कॉपी क्लाउडमध्ये, एक डिस्कवर, आणि डिस्क आपल्या घरात नाही, भावाकडे, तिसऱ्या मजल्यावर.

तर्री जास्त

बरं भाऊ, मागं घेतो. माझीबी डिस्क टीव्हीखालीच आहे, आत्ता उचलून वर ठेवली.

संत्रानगरीतलं सफरचंद

ताई, आयफोनचं मी सांगतो. तिथेही खेळ तोच आहे. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका जागी डिलीट केलं की आयफोन, आयपॅड सगळीकडून जातं, आणि रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवसच राहतं, गूगलसारखे ६० नाहीत. फुकट जागा ५ जीबी, त्यात नवऱ्याचा व्हिडिओचा शौक असेल तर दोन लग्नांत संपते.

सगळं एकत्र हवं असेल तर नवऱ्याच्या आयफोनवर गूगल फोटोज टाका, त्याच्या स्वतःच्या जीमेलनं, आणि तिथून बॅकअप लावा. पहिल्यांदा अॅप उघडं ठेवून फोन रात्रभर चार्जिंगला लावावा लागेल कारण आयफोन मागे मागे अपलोड फार होऊ देत नाही. हिशोब सांगतो, ४० जीबी फोटो असतील आणि अपलोडचा स्पीड २० एमबीपीएस असेल तर सरळ साडेचार तास लागतात, आणि आपल्याकडे ते सरळ कधीच होत नाही, मध्ये लाइट जाते. उन्हाळ्यात तर फोन कव्हर काढून फरशीवर ठेवून करा, मी मे मध्ये गादीवर ठेवून केलं होतं तर तापून बंदच झाला.

अजून एक, आयफोनमध्ये ऑप्टिमाइझ स्टोरेज चालू असेल तर पूर्ण मोठे फोटो फोनमध्ये नसतातच, ते आयक्लाउडमध्ये असतात. केबल लावून लॅपटॉपवर कॉपी मारली की झाला बॅकअप असं समजू नका, आधी ओरिजिनल डाउनलोड करून घ्यावे लागतात. आणि फोटोची फाइल एचईआयसी फॉरमॅटमध्ये निघते, जुन्या लॅपटॉपवर उघडत नाही, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये मोस्ट कंपॅटिबल करून टाका म्हणजे पुढचे फोटो जेपीईजी येतील. जागा मात्र जास्त खातील.

मनीषनगरवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार. रिपोर्ट देते. सहा हजारांच्या वर फोटो परत आले, तान्हा पोळावाला पण. मजा अशी की जानेवारीपासूनचे जे फोटो बॅकअपच झाले नव्हते, जागा संपली म्हणून, ते पप्पांना टॅबवर दिसलेच नाहीत म्हणून ते फोनमध्ये सुखरूप राहिले. म्हणजे जे सांभाळून ठेवलं तेच गेलं होतं.

पण मार्चमध्ये पप्पांनी थोडे व्हिडिओ आधीच उडवले होते, हे आज सांगितलं त्यांनी, तेही मी तिसऱ्यांदा विचारल्यावर. ते ६० दिवसांच्या बाहेर गेले. त्यात आजीचा कुरडया घालतानाचा एक व्हिडिओ होता, सोऱ्या दाबता दाबता आईला झापून राहिली होती.

आणि एक विचारायचं होतं. आजीच्या फोनमध्ये तिचं वेगळं जीमेल होतं, तो फोन दीड वर्षापासून कपाटात बंद आहे. त्यातले फोटो राहतील ना?

हिंगणा रोड

आजच चार्ज करा तो फोन. दोन वर्षं कोणीच वापरलं नाही तर गूगल ते अकाउंट आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. एकदा उघडा, लॉगिन आहे का बघा, आणि टेकआउट म्हणून सोय आहे तिथून सगळं झिपमध्ये मागवून घ्या. मेलवर लिंक येते, ती साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे लगेच उतरवा. फोटोंबरोबर जेसन नावाच्या छोट्या छोट्या फाइली येतील, त्यांना कचरा समजून काढू नका, त्यात तारीख आणि जागा असते. आणि रिकव्हरीचा नंबर कोणता आहे ते बघा. आजीचं सिम बंद झालं असेल तर फोनमधलं लॉगिन तुटू देऊ नका, रीसेट तर अजिबात नको, मग ओटीपी कुठेच येणार नाही.

बर्डीवाला भाऊ

आन ताई, तो कुरडयांचा व्हिडिओ आईनं व्हॉट्सअॅपवर कोणाले पाठवला होता का ते विचारा. बायका असे व्हिडिओ पाठवल्याशिवाय राहत नाई. ज्याले पाठवला त्याच्या फोनात असन.

मनीषनगरवाली

भाऊ!!! वर्ध्याच्या मामाकडे आहे. आईनं तेव्हाच पाठवला होता. छोटा झालाय, फुटल्यासारखा दिसतो, पण आवाज एकदम साफ आहे, शिव्यांसकट.

बर्डीवाला भाऊ

हाव ना, व्हॉट्सअॅप दाबून छोटा करते. आता मामाले सांगा गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पुन्हा नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसाच येईन.

मनीषनगरवाली

सांगितलं. मामानं आधार कार्ड पाठवलं. पुन्हा फोन लावते.