कुट्यात मरणारी मँटिस श्रिंप घरच्या टँकमध्ये ठेवली तर चुकलं कुठे?

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

एप्रिलमध्ये मिरकरवाड्याला सकाळी मासे आणायला गेलो होतो, ट्रॉलरचा माल उतरत होता आणि बाजूला कुट्याचा ढीग, म्हणजे ज्याला गिऱ्हाईक नाही ते सगळं, पुढे सुकवून खताला नाहीतर फिशमीलला जाणार ते. त्यात वीतभर लांब एक मँटिस श्रिंप, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा कवचवाला समुद्री जीव, पाय हलवत होती. खलाशाला म्हटलं मी नेऊ का, तो म्हणाला न्या की, फक्त हात सांभाळा, शेपटीचे काटे अंगठा फाडतात. बादलीत पाणी घेऊन घरी आणली. माझी मिठाच्या पाण्याची तीन फुटी टँक वर्षभर चालू आहे, त्यात चार बोटं बारीक वाळू टाकली आणि दीड इंची पीव्हीसी पाइप तिरका पुरून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाई आत राहायला गेलेल्या, बाहेर फक्त दोन डोळे.

ते डोळे एकदा जवळून बघाच. देठावर बसलेले, एक इकडे फिरतो तर दुसरा तिकडे, आणि मधूनमधून तोंडाजवळच्या बारीक पायांनी ती ते पुसून काढते, आपण चष्मा पुसतो तसे. मागच्या आठवड्यात तिने पाइपचं तोंड वाळूने बंद करून घेतलं, चार दिवस हालचाल नाही, मला वाटलं गेली. पाचव्या दिवशी पाइपच्या तोंडाशी अख्खी कात पडलेली, डोळ्यांच्या टोप्यांसकट. कात टाकली म्हणजे खातेय, वाढतेय.

एका ग्रुपवर फोटो टाकला तर लोक तुटून पडले, जंगली जीव कोंडलास म्हणून. माझं म्हणणं सरळ आहे, मी नेली नसती तर ती तासाभरात उन्हात मेली असती. मग माझं चुकलं कुठे?

हर्णैची

दादा, तुमची एक वाचली याचा मलाही आनंद आहे. पण माझा विरोध आहे आणि तो तुमच्या एका मँटिसला नाही, त्या "मेलीच असती" वाल्या हिशोबाला आहे. आज फुकट मिळाली, उद्या तिघं जण खलाशाला सांगून ठेवतील की जिवंत आली तर बाजूला काढ, शंभर रुपये देतो. शंभर रुपये लागले की ती कुटा राहत नाही, माल होते.

दुसरं म्हणजे हिची पैदास घरी होत नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं कित्येक आठवडे समुद्रात तरंगत वाढतात, ते टँकमध्ये जमवणं जवळपास अशक्य. त्यामुळे विकायला येणारी जवळजवळ प्रत्येक मँटिस समुद्रातूनच उचललेली असते. गप्पी किंवा मॉलीसारखं नाही हे.

आणि ट्रॉलमधून जिवंत आली म्हणजे धड आली असं समजू नका, दोन-तीन तास जाळ्यात बाकीच्या मालाखाली चेपून येते, त्यातल्या बऱ्याचशा घरी नेल्यावर दोन दिवसांत मरतात. तुमची जगली म्हणून तुम्ही लिहिताय, ज्यांच्या मेल्या ते लिहीत नाहीत.

खाडीपलीकडचा

ताई, शंभर रुपयांचा मुद्दा मला पटला, मी त्या बाजूने विचारच केला नव्हता. पण मग काय करायचं, डोळ्यांसमोर हलणारा जीव ढिगात सोडून यायचं का? जेट्टीवरून परत पाण्यात टाकली तरी त्या डिझेलच्या तवंगात ती कुठे जाणार?

मीठपाणी

मी बारा वर्षं समुद्री टँक ठेवतोय, मी ठेवण्याच्या बाजूने आहे, पण ज्याला झेपतं त्यानेच. आधी एक सांगा, पाणी कुठून आणता? भाट्याहून आणत असाल तर बंद करा, तिथे काजळी नदी येऊन मिळते, ओहोटीला खारटपणा एक आणि भरतीला दुसरा, आणि पावसाळ्यात तर जवळपास गोडंच. भर भरतीला आरे-वारेच्या बाजूने घ्या, नाहीतर आरओ पाण्यात टँकचं समुद्री मीठ कालवा आणि खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरने बघा, आकडा 1.024 च्या आसपास ठेवा. टँकमध्ये तांब्याचं कुठलंही औषध घालू नका, माशांच्या ठिपक्यांवर दुकानदार तेच देतात आणि कवचवाल्या प्राण्याला ते विष.

काच फोडेल ही भीती मात्र काढून टाका. तुमच्याकडची चिखलातली भालेवाली आहे, पुढच्या पायाला करवतीसारखे दात असतात आणि ती भोसकते. काच फोडणारी वेगळी, मुठीवाली. 1998 साली इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात एकीने काच तडकवली होती ती मुठीवालीच. त्यातल्या मोर-मँटिसचा ठोसा सेकंदाला 23 मीटर वेगाने जातो, भालेवालीचा वार त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका मोजलाय. बोट घातलंत तर रक्त मात्र दोघी काढतात.

खरी भीती लाइटची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे श्रीवर्धन भागात कित्येक दिवस वीज नव्हती. माझा बॅटरीचा एअरपंप दीड दिवस चालला. त्यानंतर मी मगने पाणी वरून ओतत बसलो, रात्री घरातल्यांनी पाळ्या लावल्या, तरी अर्धी टँक मेली. ज्याच्याकडे इन्व्हर्टर नाही त्याने कोकणात समुद्री जीव ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खडपातलो (मालवण)

मी मालवणचो, खरा सांगतंय, माका ह्या वाचून राग इलो. तुमच्या ढिगातल्या मँटिसबद्दल बोलत नाही मी. आमच्याकडे काय होतं ते ऐका. कोणीतरी व्हिडिओ बघतो, त्याला रंगीत मुठीवाली पाहिजे असते, मग ओहोटीला पोरं पहार घेऊन खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर जातात. ती मँटिस खडकाच्या बिळात असते, बीळ फोडल्याशिवाय हाताला लागत नाही. एका मँटिससाठी टोपलीएवढा खडक फुटतो, त्यावरची कालवं गेली, आतल्या लहान कुर्ल्या गेल्या, आणि फुटलेला खडक काय परत उगवत नाही. मी स्वतः दोन पोरांना हटकलं, तर म्हणाले काका, रत्नागिरी-पुण्याचे लोक पैसे देतात.

इथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटर. प्रवाळ तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो तोडला तर थेट गुन्हा. तरी टँक सजवायला "लाइव्ह रॉक" म्हणून, म्हणजे जीव चिकटलेले दगड म्हणून, काय काय उचललं जातं ते आम्हाला दिसतं. तुम्ही कौतुकाने एक फोटो टाकता आणि इकडे एक खडप फुटतं.

फळा आणि खडू

मी शाळेत विज्ञान शिकवते, माझं मत वेगळं आहे. आमच्या गावातली निम्मी मुलं कोळ्यांची. त्यांना पेंग्विन माहितीय, डॉल्फिन माहितीय, पण बापाच्या जाळ्यात रोज येणाऱ्या या प्राण्याला आपल्यापेक्षा किती तरी जास्त प्रकारचे रंगग्राहक असतात हे माहीत नव्हतं. आपले तीन, तिच्या काही जातींत बारा आणि त्याहून जास्त. मी एक मेलेली बाटलीत घालून वर्गात नेली तर मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे आली. जिवंत दाखवता आली असती तर काय झालं असतं. ज्याला ओळखतच नाही त्याला वाचवायला कोण जाणार?

खडपातलो (मालवण)

बाई, तुमची मुलं ओहोटीला खडपावर आणा, मी दाखवतो जिवंत. फुकट.

खाडीपलीकडचा

काका, राग समजला. फोटो मी काढून टाकला त्या ग्रुपवरून. मीठपाणी, पाणी भाट्याचंच होतं, उद्यापासून बंद. आता विचार असा करतोय की 1 जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधी ओळखीच्या होडीतून तिला खोल पाण्यात सोडून यावं. दोन महिने जाळी नसतील, तिला जम बसवायला वेळ मिळेल.

हर्णैची

नको दादा, थांबा. आधी सांगा, खायला काय घालत होतात?

खाडीपलीकडचा

बाजारातली वनामी कोळंबी. फ्रीजरमधली.

हर्णैची

मग सोडू नका. वनामी म्हणजे प्रकल्पात वाढवलेली, आणि तसल्या कोळंबीत व्हाइट स्पॉट रोगाचा व्हायरस असू शकतो, माणसाला त्याने काही होत नाही आणि फ्रीजरमध्ये तो मरत नाही. कोळंबी, चिंबोरी, सगळ्या कवचवाल्यांना तो लागू शकतो. तुमची मँटिस वरून ठणठणीत दिसेल आणि तुम्ही तिच्याबरोबर तो रोग समुद्रात सोडून याल. शिवाय टँकमध्ये दुकानातले मासे असतील तर त्यांचंही काय काय तिच्या अंगावर असणार. मी आणण्याच्या विरोधात होते आणि अजून आहे, पण एकदा आणलीत तर ती आता तुमची. शेवटपर्यंत.

मीठपाणी

हे बरोबर बोलल्या. खाण्यात तिसऱ्या (शिंपल्या), लहान कुर्ल्या द्या, त्याही टँकमध्ये टाकून ठेवू नका, उरलेलं तासाभरात काढा.

खाडीपलीकडचा

ठीक आहे, नाही सोडत. दुसरी आणणार नाही, कुणी मागितली तर आणूनही देणार नाही. इन्व्हर्टरवाला शनिवारी येतोय. ती आत्ता पाइपच्या तोंडाशी आहे, नवीन कवच अजून मऊ असावं, तिसरीची शिंपली टाकली तर नुसती बघतेय, हात नाही लावला.

खडपातलो (मालवण)

कडक होईपर्यंत खाणार नाही ती. दोन-तीन दिवस जाऊ देत. आणि टँकवर सारखी टॉर्च मारू नका.