प्रौढांच्या साक्षरता वर्गात आधी काय: बाराखडी की गोळ्यांची स्ट्रिप?

करवीरकर:
सरकारच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गात आरोग्याचा भाग शेवटावर ढकलू नका. पहिल्याच दिवशी रिकाम्या स्ट्रिप वाटा. इंग्रजी अंक मोबाईलमुळं बहुतेकांना ओळखीचे असतात. किती एमजी, मुदत कधीपर्यंत आणि उभी लाल रेघ आहे का, एवढंच शोधायला लावा. रेघ असली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायची नाही.

पंचगंगाकाठ:
वाचता आलं म्हणजे कळलं, असं कुठंय? २.५ मधलं टिंब सुटलं की झालं पंचवीस! चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अंक येणारा माणूस ते एकशे एक वाचतो. आधी हातानं करून घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात अख्खं ओतलं तर क्षार जास्त होतात, जुलाब वाढतात, लेकराच्या रक्तात सोडियम चढतं. बाटली भरून प्रत्येकाकडून कालवून घ्या. २४ तासांनी उरलेलं ओतून टाकायचं.

करवीरकर:
अहो, छोटं पाकीट २०० मिलिलिटरचंही येतं! सवयीनं तेच लिटरभर पाण्यात गेलं, तर नुसतं फिकं पाणी. लेबल न वाचता कसं ओळखणार?

कागलकर:
आणि तारीख असलेला तुकडा मेडिकलमध्येच राहिला तर वाचणार काय? "दादा, तारखेकडचा तुकडा द्या" हे वर्गात मोठ्यानं म्हणवून घ्या, दुकानात जीभ अडखळते. "समजलं का?" तर विचारूच नका, सगळे "व्हय" म्हणतात. "घरी सासूबाईंना कसं सांगशील?" असं विचारा, चूक लगेच उघडी पडते. आपल्याकडं मधुमेहाचा तास गुळावर अडणारच. गुळानंही रक्तातली साखर चढते, हे एकदा सांगा आणि दिवसाचे चहा किती, त्यात गूळ किती, ते मोजायला लावा.

पंचगंगाकाठ:
हे पटलं. टिंबाचं मात्र कुणीच बोललं नाही.

करवीरकर:
फळ्यावर २.५ आणि २५ शेजारी लिहा. टिंबाला लाल गोल. बोलताना "दोन पॉइंट पाच" नको, "अडीच" म्हणा. भाजी अडीचशे ग्रॅम घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

पंचगंगाकाठ:
बरं. पण स्ट्रिप वाटण्याआधी चाळिशी कुणाला लागलीय ते बघा. मुदतीची अक्षरं बारीक, त्यात चकाकत्या कागदावर नुसती दाबून उठवलेली. दिसत नाही म्हणून गप्प बसलेल्याला परत बाराखडीला बसवाल.