सहा तासांच्या ग्रहणापायी दोन-दोन उपग्रह?

शंकेखोर: डिसेंबर २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडलेल्या युरोपच्या प्रोबा-३ या उपग्रहांच्या जोडीचं कौतुक ऐकून कान किटले. पुढच्या उपग्रहाची १.४ मीटरची तबकडी सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडवणार आणि दीडशे मीटर मागून दुसरा सूर्याभोवतीचं तेजोवलय, म्हणजे प्रभामंडळ बघणार. करामत आहे, मान्य. पण साडेएकोणीस तासांच्या फेरीत बघायचे तास जेमतेम सहा! सौरवादळ काय तुमची वेळ विचारून उठतं? सूर्यावर नजर ठेवणारं १९९५ सालचं सोहो बघा. एकच यान, तबकडी दुर्बिणीच्याच तोंडाशी, आणि पहारा जवळपास अखंड.

दुर्बीणवेडी: सोहोची चित्रं नीट बघितलीत का? मधली काळी चकती एवढी मोठी की तिच्यात सूर्य कुठे आहे ते पांढरं वर्तुळ काढून दाखवावं लागतं. आतला भाग झाकलेलाच राहतो, आणि घोडं तिथेच अडलंय, कारण कोडं त्याच भागातलं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश, त्यावरचं प्रभामंडळ दहा लाखांच्या पुढे. शेकोटीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असला प्रकार! तबकडी जवळ असली की तिच्या कडेवरून प्रकाश वळून आत शिरतो. प्रभामंडळाचं तेज बिंबाच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढं, ते त्यात पार बुडून जातं. म्हणून तबकडी लांब न्यायची. दीडशे मीटरची नळी कोण वर पाठवणार? म्हणून दोन उपग्रह.

ध्रुवमत्स्य: भारताच्या आदित्य-एल१ यानावरच्या व्हीईएलसी या दुर्बिणीची आखणीच केंद्रापासून १.०५ सौरत्रिज्येवरून, म्हणजे सूर्याच्या अगदी कडेपासून बघण्याची आहे. तेही एकाच यानातून.

दुर्बीणवेडी: हो, पण त्यात पुढे तबकडी नाहीच. सगळं ऊन आधी मुख्य आरशावर पडतं, मग बिंबाचा उजेड दुसऱ्या आरशाच्या भोकातून बाहेर काढतात. तिथे धुळीचा एक कणसुद्धा वैरी. प्रोबा-३ ची दुर्बीण सावलीत बसते. सावली साधारण ८ सेंटीमीटर रुंद, दुर्बिणीचं तोंड ५ सेंटीमीटर.

शंकेखोर: म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर! अहो, हेच तर म्हणतोय. पृथ्वीजवळून जाताना जोडी सोडायची, साठ हजार किलोमीटर उंचीवर पुन्हा जुळवायची, दर फेरीला. दोघांतला एक रुसला की दुसराही बिनकामाचा.

ग्रहणफिरस्ता: ८ एप्रिल २०२४ च्या खग्रासाला जास्तीत जास्त ४ मिनिटं २८ सेकंद मिळाली, तीही ढग नसतील तिथे. प्रभामंडळाच्या वर्णपटातली हिरवी रेषा १८६९ च्या ग्रहणात सापडली. नवं मूलद्रव्य समजून तिला ‘कोरोनियम’ नावसुद्धा दिलं. ते लोखंडच, अतितापाने १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं, हे कळायला सत्तर वर्षं गेली. असली मिनिटं-मिनिटं गोळा करणाऱ्यांना सहा तास सलग म्हणजे काय, ते विचारा.

शंकेखोर: बरं, अभ्यासापुरतं मानलं. पण ‘आता सौरवादळाची सूचना आधी मिळणार’ असं प्रोबा-३ च्या नावावर खपवू नका. सूचना द्यायला चोवीस तास डोळा उघडा लागतो.

दुर्बीणवेडी: ते मी कुठे म्हटलं?