फॅलोच्या बाळाचा सीटी अँजिओ: कॉन्ट्रास्ट किती, कॅन्युला कुठे?

प्रश्न (सीटी तंत्रज्ञ)
टेट्रालॉजी ऑफ फॅलो (जन्मजात हृदयदोष), 7 महिन्यांचं बाळ, वजन 6 किलो, ठोके 135च्या आसपास. इकोत व्हीएसडी (दोन वेंट्रिकलमधल्या पडद्याचं छिद्र) आणि उजव्या वेंट्रिकलचा अरुंद झालेला मार्ग स्वच्छ दिसतोय, पण डावी पल्मनरी आर्टरी (फुफ्फुसाकडे जाणारी वाहिनी) पुढे कशी आहे ते कळत नाही. म्हणून सर्जननी सीटी मागितलाय. डोस किती, कॅन्युला कुठे, गेटिंग (ईसीजीच्या तालावर स्कॅन) लावायचं का?

रेडिओलॉजिस्ट
2 मिली प्रति किलो, म्हणजे 12 मिली नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट, मागून सलाईन. 24 गेजमधून सेकंदाला 1 मिली पुरे. कॅन्युला उजव्या हाताला किंवा पायाला. डाव्या हातातून दिलं की दाट कॉन्ट्रास्ट इनॉमिनेट व्हेनमधून (डाव्या हाताकडून हृदयाकडे येणारी मोठी शीर) जाताना एओर्टाच्या आर्चजवळ रेघा मारतं. 70 किंवा 80 केव्ही. ट्रिगर (स्कॅन सुरू करायची खूण) हाताने द्या. व्हीएसडीमुळे एओर्टा लवकर भरते. हृदयाच्या दोन्ही बाजू उजळल्या की स्कॅन सुरू. डायफ्रॅमच्या थोडं खालपर्यंत घ्या, उतरत्या एओर्टातून फुफ्फुसाला जादा वाहिन्या जात असतील तर त्या सुटायला नकोत.

बालहृदयरोगतज्ज्ञ
गेटिंग लावाच. डाव्या शाखेपुरतं नाही लावलं तरी चालेल, पण कोरोनरी (हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्या) हवी. फॅलोच्या सुमारे 5 टक्के मुलांत एलएडी (एरवी डाव्या कोरोनरीची पुढची शाखा) उजव्या कोरोनरीतून निघून नेमकी तिथून आडवी जाते, जिथे सर्जनला छेद घ्यायचा असतो. या ठोक्यांना डायस्टोल (हृदय सैल पडण्याचा काळ) फारच आखूड, म्हणून प्रॉस्पेक्टिव्ह (ठोक्याच्या ठरलेल्या क्षणीच किरण), सिस्टोलच्या (आकुंचनाच्या) शेवटी, ठोक्याच्या 40 टक्क्यांच्या आसपास.

तंत्रज्ञ
एमआरआय नको का मग? किरण तरी टळतील.

बालहृदयरोगतज्ज्ञ
या वयात नको. पाऊण तास भूल द्यायची, आणि एवढ्या बारीक कोरोनरीला सीटीच सरस.

भूलतज्ज्ञ
यादीत पहिला नंबर द्या. आईचं दूध 4 तास, वरचं दूध 6 तास, पाणी 2 तास आधी बंद; त्याहून जास्त उपाशी ठेवलं तर रक्त आणखी घट्ट होतं आणि स्पेल (अचानक निळं पडण्याचा झटका) येऊ शकतो. प्रोप्रॅनोलॉल (स्पेल टाळायचं औषध) चालू असेल तर सकाळचा डोस चुकवू नका. रडणं हाच मोठा धोका, म्हणून कॅन्युला वॉर्डातच लावून आणा. निळं पडलंच तर गुडघे छातीशी, ऑक्सिजन, आणि स्कॅन थांबवा.

आणि हवेचं कुणीच लिहिलं नाही! इथे उजवीकडचं रक्त डावीकडे जातं, त्यामुळे नळीतला बुडबुडा थेट मेंदूत जाऊ शकतो. एक्स्टेन्शन, थ्री-वे, इंजेक्टरची नळी सगळं सलाईनने भरून, टिचकी मारून बघा. जोडताना कॅन्युलाच्या तोंडाशी थेंब उभा असू द्या.