कुत्र्यासाठी रविवारपर्यंत घर हवंय, तातडीने!

रानजाई
सव्वा महिन्यापूर्वी बायपासजवळ गाडीने उडवलेलं कुत्रं घरी आणलं. प्लास्टर निघालंय, थोडं लंगडतं. घरमालकांनी रविवारपर्यंतची मुदत दिलीय. ओळखीत सगळ्यांना विचारून झालं. "किती गोड!" म्हणतात, नेत कुणी नाही. शेल्टरचे पत्ते देऊ नका, दोन ठिकाणी जागा नाही म्हणाले. कुणी नेईल का?

चिवट_काकू
गाव कुठलं? नर की मादी? वय? लसी? बायपास काय प्रत्येक गावाला आहे. फोटोही नाही.

रानजाई
अहो पुणे, कोथरूड. मादी. डॉक्टर दातांवरून दीडेक वर्षाची म्हणाले. रेबीजची लस झालीय. फोटो रात्री टाकते, ऑफिसात आहे.

धोपटमार्गी
बरी झाली ना? मग जिथून आणली तिथे सोडा. नसबंदी करून मूळ जागी सोडायचं असं २०२३ च्या नियमांतच आहे.

चिवट_काकू
ते मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीसाठी. लंगड्या कुत्रीला बायपासवर सोडा असं कुठल्या कलमात लिहिलंय?

वकीलसाहेब
घाबरू नका. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बहुमतानेही बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावा.

रानजाई
सोसायटीचं काही नाही हो, घरमालक नको म्हणतायत. भाडेकरारात 'प्राणी नकोत' आहे. सही मीच केलीय.

वकीलसाहेब
हे आधी सांगायचं.

मुधोळप्रेमी
पाय लांब आणि कंबर बारीक आहे का? मुधोळ किंवा कारवान असेल तर लोक धावत येतील. आमच्या मुधोळने एकदा ससा...

चिवट_काकू
गावठीच असणार. आणि धावत येणाऱ्यांनाच देऊ नये. "शेतावर राखणीला हवी" म्हणणारे जन्मभर साखळीला बांधतात. नसबंदी झालीय का?

रानजाई
नसेल बहुतेक. तेवढा वेळ कुठे आहे?

खारूताई
कानाला खाच आहे का बघा. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात.

रानजाई
भावाला फोन करून बघायला सांगितलं. डाव्या कानाला आहे! मला वाटलं अपघातात लागलं.

धोपटमार्गी
म्हणजे ती तिथलीच. सोडा.

हळदीचं_पान
लंगडण्यावर हळद-तिळाचं तेल कोमट करून चोळा. माझा गुडघा त्यानेच बरा झाला.

खारूताई
रानजाई, कायमचं घर चार दिवसांत मिळत नाही. घाईत दिलं की महिन्याभरात परत येतं. आत्ता फक्त महिनाभर सांभाळणारं कुणीतरी शोधा. घर नंतर निवांत बघा, स्वतः जाऊन. मी तळेगावला आहे, महिनाभर ठेवीन. पण दोन मांजरं आहेत. जमतं का तिचं?

रानजाई
खालच्या मजल्यावरच्या मांजरीला बघून शेपूट हलवते. मांजरही हलवते.

मुधोळप्रेमी
मांजराने शेपूट हलवली तर ते चिडलेलं असतं.

रानजाई
ते कळलं हो, नाकावर ओरखडा आहे.

खारूताई
चालेल, पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवू. शनिवारी सकाळी आणा. लसीचं कार्ड आणि तिचं अंथरूण घेऊन या. अंथरूण धुऊ नका, त्याला तिचा वास राहू दे.