मदत हवी आहे: खिडकीच्या जाळीतला अर्धा सूर्य गिंपमध्ये नीट येत नाहीये

मंडळी, नमस्कार.

शिवाजी पार्कची आमची इमारत पुनर्विकासाला जातेय. जिन्याच्या खिडकीला जुनी लोखंडी जाळी आहे: अर्धा सूर्य, त्यातून फाकलेले ९ किरण आणि खाली तीन आडव्या पट्ट्या, अस्सल आर्ट डेको (भौमितिक आकारांची जुनी वास्तुशैली). ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हकडच्या अशा इमारती २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. आमच्या भागातल्या त्यात नाहीत, तेव्हा इथलं जे आहे ते आम्हीच टिपून ठेवायला हवं. प्रत्येक बिऱ्हाडाला ही नक्षी ए-३ कागदावर छापून आणि एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीत) लेझरने कापून द्यायची फार इच्छा आहे.

फोटो जिन्यातून, खालून वर काढावा लागतो, त्यात किरण तिरके दिसतात. म्हणून गिरवण्याऐवजी आकार गिंपमध्ये (चित्रं संपादित करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) नव्याने बांधतोय. किरण ९ आणि मधल्या फटी ८, म्हणजे अर्ध्या वर्तुळाचे १७ भाग, पूर्ण वर्तुळाचे ३४. ए-३ची रुंदी ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३५०८ पिक्सेल होते, तेवढाच चौरस कॅनव्हास घेतला. चेकरबोर्ड फिल्टरने १०३ पिक्सेलचे काळे-पांढरे उभे पट्टे पाडले आणि त्यांना वर्तुळात वळवणारा पोलर कोऑर्डिनेट्स फिल्टर लावला, सर्कल डेप्थ (गोलाईचं प्रमाण) १००.

सूर्य आला, पण एक किरण बाकीच्यांपेक्षा जाड आहे, मधला किरण सरळ उभा न राहता कलतो, आणि किरणांच्या कडा बाहेरच्या बाजूला पुसट होतात. छपाईला हे चालणार नाही. काय करावं?

प्रतिसाद

जाड किरणाचं कारण भागाकारात आहे. ३४ गुणिले १०३ म्हणजे ३५०२, उरले ६ पिक्सेल. ते शेवटी काळे येतात आणि वर्तुळ मिटताना पहिल्या काळ्या पट्ट्याला चिकटतात. कॅनव्हास ३४०० पिक्सेलचा घ्या, पट्टा बरोबर १०० चा होईल. पट्ट्यांची संख्या नेहमी सम ठेवा.

कलण्याचं उत्तर पोलर कोऑर्डिनेट्सच्याच ऑफसेट अँगलमध्ये. एक भाग १०.५९ अंशांचा, त्याच्या निम्मे ५.२९ अंश फिरवा. उलट्या बाजूला गेलं तर ३५४.७१ टाका.

पुसटपणा मात्र गिंपमध्ये पूर्ण जाणार नाही. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो, म्हणजे ३४०० पिक्सेलची माहिती बाहेरच्या कडेला सुमारे १०,७०० पिक्सेलवर ताणली जाते. शिवाय लेझरवाल्याला एसव्हीजी किंवा डीएक्सएफ (रेघांच्या, म्हणजे व्हेक्टर फाइली) लागेल, पिक्सेलचं चित्र त्याच्या कामाचं नाही. माझं स्पष्ट मत, हे काम इंकस्केपमध्येच (व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये) करा. तेही फुकट आहे.

१५० मिमी उंच, २७.८ मिमी पायाचा समद्विभुज त्रिकोण काढा, टोक खाली. त्यावर पुन्हा क्लिक केलं की फिरण्याचं केंद्र दिसतं, ते ओढून टोकावर ठेवा. मग मेनूत एडिट, क्लोन, टाइल्ड क्लोन्स (आकाराच्या जोडलेल्या प्रती). ओळ १, स्तंभ १७. शिफ्टमध्ये दर स्तंभाला एक्स उणे १०० टक्के, रोटेशनमध्ये दर स्तंभाला २१.१७६ अंश. १७ किरणांचं पूर्ण चक्र मिळेल आणि एक किरण नेमका उभा असेल. क्लोन अनलिंक करा (मूळ आकारापासून सुटे), सगळं निवडून युनियन करा (सगळ्यांचा एकच आकार). मूळ त्रिकोण पहिल्या क्लोनखाली तसाच असतो, तोही निवडीत घ्या, नाहीतर लेझर तीच रेघ दोनदा कापेल. शेवटी वर अर्धवर्तुळ ठेवून इंटरसेक्शन, म्हणजे फक्त दोन्हींचा सामाईक भाग उरेल.

धागाकर्ता

खूप आभार! ३४०० चा कॅनव्हास घेतला आणि किरण लगेच सारखे झाले. इंकस्केपमध्येही चक्र तयार झालंय. आता एमडीएफमधून किरण सुटे पडतील का, ही काळजी वाटतेय. आणि आमच्या जाळीतल्या तीन पट्ट्यांची टोकं गोल आहेत, ती कशी आणू?

प्रतिसाद

आत्ता सगळे किरण फक्त एका बिंदूत जुळतात, तिथे नक्की तुटतील. जाळीत मधे सूर्याचं भरीव अर्धवर्तुळ असेलच, ते किरणांशी युनियन करा. बाहेरच्या टोकांना जोडणारी कमानही ठेवा, म्हणजे सगळा तुकडा एकसंध राहील. तीन पट्ट्या त्या कमानीच्या पायांना जोडून घ्या.

गोलाईसाठी आयत काढून वरच्या पट्टीत आरएक्स आणि आरवाय (कोपऱ्यांच्या गोलाईच्या त्रिज्या) दोन्हींना उंचीच्या निम्मा आकडा द्या. पट्टी ८ मिमीची असेल तर ४. पण जाळीवर फूटपट्टी लावून पट्टी आणि फट दोन्ही मोजून घ्या. बऱ्याचदा फट पट्टीपेक्षा रुंद असते, आणि फोटोत खालून ते कळत नाही.