अनुभव धागा: ऑफिसच्या कॉम्प्युटरचा गैरवापर सापडला, पुढे काय केलंत?

अंबडची एचआर
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी भरती, पगारपत्रक, पीएफ, कँटीनच्या तक्रारी असं सगळं बघते. मागच्या आठवड्यात अँटीव्हायरसने डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर बोंब मारली. उघडून बघितलं तर क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वापरलेलं, एक सॉफ्टवेअर निघालं, आणि त्याच्या जोडीला शेअर ट्रेडिंगचं ॲप, सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत रोज चालू. माणूस जुना, कामाला चोख. मालक म्हणतात, "आजच्या आज घरी बसवा." प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, "ताई, मार्च एंड तरी होऊ द्या."

माझी खरी अडचण अशी की इंट्राडे, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकणं, करणारा तो एकटाच नाही. चहाच्या टपरीवर कोण किती हरलं याची रोज चर्चा होते. सापडला मात्र हा एकटा.

तुमच्याकडे असं घडलं तेव्हा काय केलंत, काय अंगाशी आलं, ते लिहा. कंपन्यांची आणि माणसांची नावं नकोत. "काढून टाका" एवढंच सांगायचं असेल तर ते मालकांनी आधीच सांगितलंय.

सर्व्हरवाला, हिंजवडी
ताई, पहिली गोष्ट, त्या मशिनवर आता कुणालाही बसू देऊ नका. मी पाहिलेल्या निम्म्या प्रकरणांत पुराव्याची वाट साहेबानेच लावलेली असते. साहेब खुर्चीत बसतो, फोल्डर उघडतो, "हे बघा, हे बघा" करत चार जणांना दाखवतो. झालं, फाइल कधी उघडली त्याच्या वेळा बदलल्या. उद्या तो माणूस म्हणतो की हे मी नाही, तुम्हीच ठेवलंत, तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसतं.

आमच्याकडे रीत ठरलेली आहे. मशिन नेटवर्कमधून बाहेर काढायचं, दोन साक्षीदारांसमोर डिस्कची प्रत घ्यायची, तिची हॅश किंमत (डिस्कवर जरा काही बदललं तरी बदलणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) कागदावर लिहून तिघांनी सह्या करायच्या. मूळ डिस्क पाकिटात, पाकीट कपाटात, किल्ली आयटीकडे न ठेवता ॲडमिनकडे. फायरवॉलचे लॉग, म्हणजे नेटवर्कवर काय आलं-गेलं त्याच्या नोंदी, लगेच वेगळे काढून ठेवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, पण छोट्या कंपन्यांत राउटर आठवड्याभरात जुने लॉग पुसून मोकळा होतो.

आणि ट्रेडिंग बाजूला ठेवा, तुमचा खरा धोका ते क्रॅक सॉफ्टवेअर आहे. त्यातून काही आत शिरलं असेल आणि टॅलीच्या सर्व्हरपर्यंत पोचलं असेल, तर ती शिस्तीची बाब राहत नाही. तशी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची असते. एचआर आणि मालक दोघं मिळून त्या माणसाला काय शिक्षा द्यायची यावर तीन दिवस घालवतात, आणि तेवढ्यात व्हायरस अकाउंट्समध्ये पोचलेला असतो. असं झालेलं पाहिलंय म्हणून सांगतो.

निवृत्त बँकवाला, सांगलीकडचा
आमची सहकारी बँक. २०१८ च्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून मालवेअरच्या वाटेने ९४ कोटींच्या घरात रक्कम गेली, तेव्हापासून आमच्याकडं पासवर्डवरनं लई कडक परिपत्रकं निघाली. परिपत्रक नोटीस बोर्डावर आणि पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, अशी परिस्थिती.

एका क्लार्कच्या पुतणीला स्थळ आलं. मुलाकडच्यांची खाती आमच्याच शाखेत. ह्या गड्यानं मुलाच्या बापाचं खातं उघडून बघितलं, कर्ज किती, ठेव किती. बघितलं ते बघितलं, घरात सांगितलं. बैठकीत मुलीकडनं कुणीतरी बोलून गेलं, "तुमचं गोदामाचं कर्ज फिटत आलंय की." मुलाच्या बापानं दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार टाकली.

लॉगमध्ये नाव निघालं पासिंग ऑफिसर, म्हणजे व्यवहार मंजूर करणाऱ्या, बाईंचं. बाई रडायला लागल्या. मुख्य कार्यालयानं थेट त्यांना आरोपपत्र द्यायची तयारी केलेली. मी हजेरीपत्रक काढलं, तर त्या दिवशी बाई रजेवर! लॉग आयडी सांगतो, खुर्चीत कोण होतं ते सांगत नाही. मग काउंटरच्या सीसीटीव्हीवरनं उलगडा झाला.

क्लार्कची चौकशी होऊन वेतनवाढ रोखली. बाईंना पासवर्ड दिल्याबद्दल लेखी ताकीद. मला विचाराल तर बाईंची ताकीद योग्यच होती, जरी शाखेत तेव्हा सगळे म्हणाले की तिच्यावर अन्याय झाला. सोयरीक अर्थातच मोडली.

फाइलवाली
मी राज्य सरकारच्या कार्यालयात आस्थापना शाखेत. आमच्याकडे कॉम्प्युटरवर खासगी काम म्हणजे फॉर्म भरणं. सीईटीचे, दाखल्यांचे, सातबारा काढून देणं. २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या अर्जांच्या वेळी तर दुपारनंतर आवक नोंद बंदच पडायची. यातला बराचसा उद्योग निव्वळ ओळखीपाळखीचा, त्याला साहेब तोंडी समज देऊन सोडायचे. पण एक जण फॉर्ममागे पैसे घेतो हे कळलं, आणि प्रकरणाचं वजनच बदललं.

आमचे १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत. किरकोळ शिक्षा द्यायची, म्हणजे ठपका किंवा वेतनवाढ रोखणं, तर नियम १० खाली ज्ञापन देऊन, खुलासा मागवून काम भागतं. जबर शिक्षेसाठी नियम ८ ची पूर्ण विभागीय चौकशी. नव्या साहेबांना नेहमी नियम ८ हवा असतो. मी त्यांना आधी विचारते, "साक्ष द्यायला कोण येणार?" पैसे दिलेला माणूस येत नाही हो. त्याचा फॉर्म भरून झालेला असतो. शेवटी ज्ञापन, खुलासा, एक वेतनवाढ बंद.

टोणगा
आमच्या कंपनीत एकाच्या यूट्यूबपायी सगळ्यांचं यूट्यूब बंद केलं. आता सगळे मोबाईलवर बघतात, आणि ट्रेनिंगचे व्हिडिओ यूट्यूबवर होते म्हणून ट्रेनिंग बंद आहे.

कामगार वकील, ठाणे
बहुतेक वेळा मी कामगाराच्या बाजूने उभा असतो, तेव्हा झुकतं माप गृहीत धरा. मालक कुठे हरतात ते सांगतो.

"आजच्या आज घरी बसवा" इथेच हरतात. आरोपपत्र, खुलासा, साक्षीपुराव्यासह चौकशी, हे टाळून काढलेला माणूस कोर्टात उभा राहिला की गैरवर्तन खरं असूनही प्रकरण मालकावर उलटतं. निलंबित करायचं तर निर्वाहभत्ता द्यावा लागतो, पहिले ९० दिवस निम्मा पगार, आणि चौकशी कामगाराच्या वागण्यामुळे लांबलेली नसेल तर पुढे ७५ टक्के. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार मोठी असेल तर ती कमी करण्याचा अधिकार औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ११-अ ने लवादांना कितीतरी वर्षं दिलेला होता. जुना माणूस, स्वच्छ रेकॉर्ड, पहिलीच वेळ आणि थेट बडतर्फी, हे तिथे टिकवणं कठीण.

दुसरं, सर्व्हरवाल्यांच्या हॅशबद्दल. घरच्या चौकशीत पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही. पण प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल तर जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश नोंदवायची असते. या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्की केली ती आपल्या जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. ऑफिसातल्या पेन ड्राइव्हवर भांडताना मला दर वेळी जालना आठवतं.

तिसरं, आणि तुमच्या बाबतीत हेच महत्त्वाचं. बाकीचे करतात आणि एकालाच धरलं, हा बचाव येणारच. त्यामुळे आधी सगळ्यांची मशिनं तपासा, त्याच दिवशी, त्याच पद्धतीने, मालकांच्या भाच्याचंही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात स्थायी आदेशांची (कामाच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांची) सक्ती ३०० कामगारांपासून आहे, तुमच्याकडे तेवढे नसतील तर तुमच्या कारखान्याला नियुक्तीपत्र आणि कंपनीचं धोरण काय म्हणतं हेच आधी बघावं लागेल. ते त्याला कधी, कोणत्या भाषेत दिलं? १९४६ च्या जुन्या स्थायी आदेश कायद्यात हे आदेश इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही लावायचे होते. तो शहाणपणा तुम्ही सक्ती नसतानाही पाळा.

श्टुटगार्टकर
इकडे उलटी तऱ्हा. कंपनीला कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारं कुठलंही सॉफ्टवेअर बसवायचं तर कामगार प्रतिनिधींच्या समितीची संमती लागते. २०१७ मध्ये इथल्या केंद्रीय कामगार न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. वेब डेव्हलपर कामाच्या वेळात कॉम्प्युटर गेम बनवायचा, वडिलांच्या कंपनीची कामंही करायचा. मालकाने सगळ्यांच्या मशिनवर कीलॉगर, म्हणजे कीबोर्डवर काय दाबलं ते टिपणारं सॉफ्टवेअर, बसवून त्याला पकडलं. कोर्ट म्हणालं की ठोस संशय नसताना असं प्रत्येक बटण टिपणं बेकायदा, म्हणून ती माहिती पुरावा धरता येणार नाही. बडतर्फी रद्द.

मी टीम लीड आहे. मला पहिल्यांदा हा निकाल सांगितला तेव्हा अतिरेक वाटला होता. आता वाटत नाही. कामाची डिलिव्हरी होत नसेल तर तेवढं विचारायला कीलॉगर लागत नाही.

डोंबिवली लोकल
सीए फर्म. आमच्या एका आर्टिकलने (सीएचं शिक्षण घेता घेता फर्ममध्ये उमेदवारी करणारीने) क्लायंटचा ताळेबंद, नावासकट, फुकटच्या एआय चॅटमध्ये टाकून टिपणी लिहून घेतली. पोरगी हुशार, तिला वाटलं वेळ वाचवला. अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अशी साधनं ऑफिसच्या उपकरणांवर टाळायला सांगितली होती. आमच्याकडे त्यावर लेखी एक ओळ नव्हती. पण क्लायंटची माहिती बाहेर देणं हे सीए कायद्यानेच गैरवर्तन आहे, आणि सही पार्टनरची असते.

सरांनी तिला काढलं नाही. खात्यातली ती चॅट पुसायला लावली, क्लायंटला फोन करून सांगितलं आणि वर पत्रही पाठवलं. क्लायंट तीन महिने तुसडेपणाने बोलत होता, पण गेला नाही.

अंबडची एचआर
वकीलसाहेब, भाच्याचं तुम्हाला कसं कळलं? डिस्क कपाटात ठेवली आहे, किल्ली ॲडमिनमधल्या वहिनींकडे. नियुक्तीपत्र काढून बघितलं, त्यात एवढंच आहे की कंपनीच्या साधनांचा गैरवापर करू नये. धोरण वेगळं आहे, बावीस पानी इंग्रजीत, आणि त्यावर आमच्या डिस्पॅचवाल्याची सहीच नाही. कारणे दाखवा नोटीस उद्या जाईल, मराठीत. बाकीची मशिनं तपासायला मालकांनी परवा होकार दिलाय, अजून तारीख दिलेली नाही. कुणाकडे कॉम्प्युटर वापराच्या धोरणाचा दोन पानांत बसणारा मराठी मसुदा असेल तर कृपया पाठवा.